सोमवार ते गुरुवार

प्रिय अनघा,

तुझे सगळे मेसेज पोचले. निळ्या खुणा तुला दिसल्याच असतील. म्हणजे मी वाचूनही गप्प बसलेय हे तुला कळलंय, आणि त्यावर तू चिडलीयस हे मला कळलंय. फोन उचलला नाही तो मुद्दाम. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते, हे पहिल्यापासून असंच चालत आलंय. एम.ए.च्या तोंडी परीक्षेतसुद्धा मला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तू दारात उभी राहून खुणांनी देत होतीस, आठवतं? म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही. पत्र पवनच्या हाती पाठवतेय. आपल्याला ब्लॉग उघडून देणारा आपला पवन आता रोज शिवाजीनगरला कामाला जातो, तुझ्या ऑफिसात आणून देईल. त्याला यातलं काही माहीत नाही, उगाच त्याला खोदून विचारू नकोस.

तुला माझ्याकडून हवंय ते एवढंच, की दिवाळी अंकाला लेख पाठवू की नको. संपादकांनी येत्या सोमवारपर्यंत मुदत वाढवून दिलीय आणि तू 'फक्त हो म्हण, बाकी मी बघते' असं पुन्हा पुन्हा लिहितेयस. मालकांच्या नकळत आपण बंद बंगल्यातली पुस्तकं कशी वाचली आणि त्यावर ब्लॉग कसा चालवला, त्याचा हा लेख. तुझ्यासाठी तो पहिला मोठा लेख आहे, मला कळतं ते. पण माझ्यासाठी त्यात आबांची केअरटेकरची नोकरी आहे, आणि बंगल्याच्या आवारातल्या या दोन खोल्या, जिथे बसून मी हे लिहितेय. तू म्हणतेस, नावं बदललीत. अगं, मळवलीत रेल्वे फाटकाच्या अलीकडे, भिंतभर पुस्तकं असलेले बंगले असे आहेत तरी किती? बाकीच्यांत भिंतभर स्पीकर आहेत.

लेख वाईट आहे असं मी म्हणतच नाही. छान झालाय, आणि म्हणूनच पहिल्यांदा वाचताना मला राग यायला उशीर लागला. बंगल्याच्या मालकीण मॅडमच्या हॉलमधलं ते कपाट, पावसाळ्यात त्याच्या काचांना आतून धरणारी वाफ, उघडीप मिळाली की आबांनी अंगणात गोधडी अंथरून त्यावर पुस्तकं मांडायची आणि मी राखणीला बसायचं, हे तू असं लिहिलंयस की वाटावं तू रोज तिथेच होतीस. मॅडमनीच आबांना सांगितलं होतं, सीताराम, इथे फार ओल धरते, पुस्तकांना ऊन दाखवत जा. आता राखणीला बसवलेल्या पोरीने तासन्‌तास नुसत्या माशा मारायच्या का? आमच्या विहारातल्या वाचनालयात सगळी पोलीस भरतीची नि तलाठी परीक्षेची पुस्तकं. बी.ए.ला असताना मी उन्हातलं पहिलं पुस्तक उघडलं. आबांनी बघितलं, झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाले, "ऊन दावायचं तर उघडावं लागतंयच की. फकस्त पान दुमडू नगंस." तेवढीच काय ती परवानगी. पुस्तक फाटकाबाहेर न्यायची अक्कल मात्र आपली. आबांनी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

दोघींनी वाचल्याशिवाय लिहायचं नाही, हा नियम तुझा. आधी 'अ' लिहिणार, तिच्याखाली 'ब' लिहिणार, आणि शेवटचं वाक्य दोघींना पटेल तेव्हाच पोस्ट टाकायची. प्रत एकच, म्हणून सोमवारी मी वर्तमानपत्रात गुंडाळून पुस्तक लोणावळ्याला आणायचे, तू रात्रंदिवस एक करून ते वाचायचीस आणि गुरुवारी ते पुन्हा कपाटात. शुक्रवारपासून मळवलीत बंगलेवाल्यांच्या गाड्या यायला लागतात, तेव्हा कुठलीही जागा रिकामी दिसता कामा नये. ब्लॉगचं नाव 'सोमवार ते गुरुवार' का, असं वाचक विचारायचे आणि तू त्यांना काहीतरी उच्च उत्तर द्यायचीस. शेवटच्या वाक्यावरून आपण किती भांडलो गं! एकदा स्टेशनवर भांडता भांडता माझी गाडी डोळ्यांदेखत सुटली आणि मला तुमच्याकडे राहावं लागलं. तुझ्या आईने घालायला दिलेला तुझा तो हिरवा ड्रेस अजून माझ्याकडेच आहे. मागू नकोस, मिळणार नाही.

तर अशा त्या ब्लॉगवरच्या लेखात या वेळी 'ब'ला जागाच नाही. मी खालपर्यंत शोधली. वर तुझं नाव, खाली तुझा परिचय, आणि मधे मी 'ती' झालेय. 'ती, केअरटेकरची मुलगी.' अनघा, तीन वर्षं मी तुझ्या शेजारी बसून लिहिलं. तुझी वाक्यं खोडली, माझी तुझ्याकडून खोडून घेतली. तुझ्या लेखात मी फक्त पुस्तकं आणून देते आणि डोळे विस्फारून तुझं ऐकते. मला वाईट वाटलं. हे मी फोनवर म्हणाले असते तर तू लगेच सॉरी म्हणाली असतीस आणि ते तिथेच मिटलं असतं. मला ते इतक्या लवकर मिटवायचं नव्हतं.

मग मी काय केलं ते ऐक. मी लेख आबांना वाचून दाखवला. आई भाकरी थापत होती. ती सारखी मध्ये हसत होती, कारण तू तिच्या सुकटीच्या चटणीवर चांगला परिच्छेद खर्च केलायस. आबा हसले नाहीत. संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे छापनार?" मी म्हटलं, मी हो म्हटलं तर. आई म्हणाली, "मग न्हाई म्हन की. झालं. तुमी आता त्यात तोंड घालू नका." आबांनी जेवण उरकलं, हात धुतले, अंगणात गेले आणि मॅडमना फोन लावला. मी धावत गेले तोवर बोलणं संपतच आलं होतं. एवढंच ऐकलं, "म्याडम, माझ्या पोरीनं तुमची पुस्तकं वाचली. भाईर बी न्हेली. मला म्हाईत हुतं." फोन खिशात टाकून माझ्याकडे वळले. मी रडकुंडीला आले होते. म्हणाले, "छापून येवो न येवो. त्यान्ला भाईरून कळायचं, त्यापरीस म्या सांगितलं."

आबांचा मला इतका राग कधी आला नव्हता. तू गप्प बसली असतीस, मी गप्प बसले असते, लेख गेला नसता, तर काय बिघडणार होतं? आईने त्या दिवशी त्यांच्याशी बोलणं टाकलं. मॅडम फोनवर शनिवारी येते एवढंच म्हणाल्या होत्या. शनिवारपर्यंत आम्ही तिघं कसे राहिलो ते विचारू नकोस. आबांनी लॉन दोनदा कापलं, पाण्याची टाकी धुतली, फाटकाला तेल घातलं. मी कपाटासमोर उभी राहून पुस्तकं नीट आहेत का ते बघत होते आणि त्या करड्या कापडी बांधणीच्या पुस्तकापाशी येऊन थांबत होते.

ते पुस्तक तुला आठवतंय, कारण तुझ्या लेखात त्यावर अख्खं पान आहे. त्याची पानं जोडलेली होती. छापखान्यातून फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी घालून आले ते तसेच बांधलेले, कडा कापायच्याच राहिलेल्या. चार पानं वाचायची की पुढचं पान घडीत बंद. मी ते आणलं ते तुला गंमत दाखवायला. तू कॉलेजच्या व्हरांड्यात बसून ते उलटंसुलटं केलंस आणि तुझा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी जिवंत माणसाला कोंडून ठेवलंय. म्हणालीस, छापल्यापासून कुणी उघडलंच नाही, पुस्तकाचा याहून मोठा अपमान नसतो. मी म्हटलं, थांब, आबांना विचारते. तोवर तू पिशवीतली स्टीलची पट्टी काढून पहिली घडी कापलीसुद्धा होतीस. मग सगळ्याच कापल्यास. त्यात एकदा पट्टी घसरली आणि एका पानाच्या कडेच्या ओळी तिरप्या तुटल्या. मी तुला अडवलं नाही, हेही खरंच. दुसऱ्या दिवशी मीच ते आधी वाचायला घेतलं. आपली सगळ्यात जास्त वाचली गेलेली पोस्ट तीच. हे पुस्तक कुठे मिळेल म्हणून लोक विचारत राहिले आणि आपल्याला कळेना की त्या लेखकाचं नाव दुसरीकडे कुठेच का सापडत नाही.

शनिवारी मॅडम आल्या. पांढरा कुर्ता, गुडघ्याला पट्टा, सोबत फक्त ड्रायव्हर. आईने चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. आबांनी किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. त्या सरळ कपाटाकडे गेल्या, बाकी कशाला हात लावला नाही, ते करडं पुस्तकच काढलं, व्हरांड्यात येऊन बसल्या आणि पानांच्या कडेवरून बोट फिरवलं. जिथे पट्टी घसरली होती तिथे बोट थांबलं. मग विचारलं, "हे कुणी कापलं?"

आबा म्हणाले, "म्या." अनघा, मला त्या क्षणी जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "सीताराम, तुम्ही गवत कापता ते सरळ रेषेत कापता." मी पुढे झाले. आम्ही दोघींनी वाचलं, मी म्हटलं. ब्लॉगचंही सांगितलं. त्यांनी माझा फोन मागितला आणि ती पोस्ट बसल्या बसल्या सगळी वाचली. तू लिहिलं होतंस ना, या लेखकाला निसर्ग कळतो पण बायका कळत नाहीत? तिथे त्या म्हणाल्या, "हे बरोबर आहे." मला वाटलं सुटलो. मी हसलेसुद्धा असेन. त्यांनी फोन परत दिला आणि म्हणाल्या, "वाचलं कुणी ते मी विचारलं नव्हतं. कापलं कुणी?"

ते पुस्तक त्यांच्या मिस्टरांचं होतं. नोकरीतून निवृत्त झाल्यावर याच व्हरांड्यात बसून त्यांनी लिहिलं होतं. छापखान्याने नमुन्याची पहिली प्रत बांधून दिली, न कापता, ती घेऊन ते इथे आले. मॅडमना त्यांनी हात लावू दिला नाही. म्हणाले, मी स्वतः एकेक घडी कापणार आणि तुला वाचून दाखवणार, रविवारपासून सुरुवात. रविवार यायच्या आत ते गेले. मग मॅडमनी पुढचं छापूच दिलं नाही. ही एवढी एकच प्रत. मॅडम शांतपणे सांगत होत्या, आवाज जराही चढवला नाही. म्हणाल्या, "पानं जोडलेली होती तोवर मला वाटायचं, त्यांचं वाचून दाखवायचं राहिलंय. अजून राहिलंय."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. आपण काय केलं हे मला तेव्हा कळलं, आणि तुला इथे कळलं असेल. कुणी न वाचलेलं म्हणजे कुणाला नको असलेलं, असं आपण धरून चाललो. एम.ए. झालेल्या दोघी मुली, आणि बंद पुस्तक कुणीतरी जपून ठेवलेलं असू शकतं हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. तुझ्या लेखात वाक्य आहे, 'या मालकांना पुस्तकं दिवाणखान्याच्या शोभेला लागतात.' मी ते आबांना वाचून दाखवलं होतं, आणि मला ते तेव्हा आवडलंही होतं.

मॅडमनी किल्ल्या पर्समध्ये टाकल्या. जाताना फाटकापाशी थांबून आबांना म्हणाल्या, "पोलीस वगैरे मी काही करणार नाही. पुढच्या रविवारी येते. ज्याने पानं कापली त्याने इथे बसून मला पहिल्या पानापासून वाचून दाखवायचं. मधलं कापलेलं आहे तिथे काय होतं तेही सांगायचं. तो माणूस आला, तर किल्ल्यांचं आपण बोलू. नाही आला, तर तुम्ही दुसरीकडे बघा." आबांनी मान हलवली. त्यांच्या तोंडून फक्त "व्हय म्याडम" निघालं.

तेव्हापासून घरात कुणी नीट जेवत नाही. आबा सवयीने सकाळी उठतात, कमरेला हात लावतात आणि जुडगा नाही हे कळल्यावर पायरीवर बसून राहतात. आई कामशेतला मावशीकडे खोली विचारून आली. खोली आहे, पण आबा कामशेतच्या बाजारात हमाली करताना मला डोळ्यांसमोर आणता येत नाहीत. गुडघे गेलेत त्यांचे. एकदाही त्यांनी मला बोल लावला नाही. काल फक्त म्हणाले, "तुझी मैत्रीण लय हुशार हाय. तिनं लिव्हलेलं ऐकायला ग्वाड लागतंय." मी उठून आत गेले.

आता मी हे पत्र का लिहितेय ते सांगते. मॅडमना मी तुझं नाव सांगितलं नाही. त्यांनी दोनदा विचारलं तरीही. त्यांना वाटतंय मी स्वतःला वाचवतेय. मला तुझं नाव सांगायला जड गेलं नसतं, पण आदल्या दिवशी तुझा लेख पुन्हा वाचला होता, आणि तेव्हाच ठरवलं की ते तुझ्याच तोंडून यायला हवं. घाईत पहिल्यांदा माझ्याकडून एक ओळ निसटली होती, आणि आबांना वाचून दाखवताना पुस्तक कापल्याचं ते पान मी भीतीने गाळलं होतं. त्या पानावर तू लिहिलंयस, 'तिने पट्टी घेतली आणि पहिली घडी कापली. केअरटेकरच्या मुलीने मालकांचं पुस्तक स्वतंत्र केलं.' अनघा, मला माहीत आहे तू ते का बदललंस. तसं ते जास्त छान वाटतं. तू कापलंस तर ती लोणावळ्याच्या बँक मॅनेजरच्या मुलीची खोडी होते, मी कापलं की ती गोष्ट होते. तुला त्यात काही वाईट दिसलं नसेल, खरंच दिसलं नसेल. पण आता त्या पट्टीवर माझ्या आबांचं घर अडकलंय. लेखाला मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. रविवारी सकाळी तू मळवलीला उतर. मी फलाटावर असेन. व्हरांड्यात मॅडमसमोर बस, तुझं नाव तुझ्या तोंडाने सांग आणि पहिल्या पानापासून वाच. मी शेजारी बसेन, तू थकलीस तर पुढचं मी वाचेन. आणि नाही आलीस, तर आबा पुन्हा 'म्या' म्हणायच्या आत मी पट्टी माझ्याच हातात होती असं सांगेन. मॅडम माझ्यावर विश्वास ठेवतील. मग तुझ्या लेखातलं सगळं खरं होईल, आणि तू तो सोमवारी खुशाल पाठव.

तुझीच,
बबिता